असकृत्कर्म आणि घनसमीकरणाचें मूळ

भास्कराचार्यांच्या बीजगणितांत मध्यमाहरणाच्या प्रकरणीं दोन उदाहरणें आलीं आहेत. एक घनाचें आहे व दुसरें वर्गवर्गाचें. आपलें बीजगणित वर्गसमीकरणापाशीं थांबलें, पुढें त्यास गति नव्हती, असें म्हणणारे लोक या उदाहरणांकडे अपवाद म्हणून पाहतात. आणि आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं अवगत होतें, असें म्हणणारे लोक तींच उदाहरणें विजयपताकेसारखीं फडकवितात. दोन्ही पक्ष घाई करितात असें आम्हांस वाटतें. वर्गाहून वरच्या समीकरणाचें मूळ काढण्याची खरी रीति आमच्या ग्रंथांत कोठें आहे, ती कशी चालते आणि तिजपैकीं आपलें किती व परकें किती, याचा येथें विचार करावयाचा आहे.

अव्यक्तास आचार्य यावत्तावत् म्हणतात व त्याचें आद्याक्षर ‘या’ एवढेंच लिहितात. त्याचा वर्ग तो ‘याव’, घन तो ‘याघ’ व वर्गवर्ग तो ‘यावव’. हाच संकेत आम्हीं पुढें ठेविला आहे. अधिक, उणें व बरोबर यांच्या खुणा मात्र हल्लींच्या घेतल्या आहेत. पहिलें उदाहरण येणेंप्रमाणें:

याघ + १२ या = ६ याव + ३५

दोन्ही पक्षांतून ६ याव व ८ रूपें वजा केलीं असतां डावीकडे (या − २) याचा घन होतो आणि उजवीकडे २७ राहतात. घनमूळ घेतलें कीं या − २ = ३, म्हणून या = ५. दुसरें उदाहरण:

यावव − २ याव − ४०० या = ९९९९

येथें दोन्ही पक्षांत ४ याव + ४०० या + १ मिळविले म्हणजे डावा पक्ष (याव + १) याचा वर्ग होतो व उजवा (२ या + १००) याचा. मग याव + १ = २ या + १०० हें साधें वर्गसमीकरण उरतें व या = ११ येतो. युक्ति फार सुंदर आहे. परंतु ती युक्ति आहे, रीति नव्हे. आणि हें आचार्यांस पुरतें ठाऊक होतें. अशा ठिकाणीं गणकानें आपल्या बुद्धीनेंच मान काढावें असा त्यांचा अभिप्राय आहे.

युक्ति व रीति यांतील भेद पाहावयाचा असेल तर पहिल्या उदाहरणांतील एकच अंक बदलावा. १२ च्या जागीं १३ घ्यावे:

याघ + १३ या = ६ याव + ३५

आतां ८ वजा करून कांहींच साधत नाहीं. या − २ यास ‘का’ म्हटलें (दुसऱ्या अव्यक्तास आचार्य कालक म्हणतात, त्याचें हें आद्याक्षर), तर समीकरण काघ + का = २५ असें होतें; परंतु का हा पूर्णांक नाहीं, व घनमूळ काढूनहि सुटका नाहीं, कारण घनाशेजारीं का उभाच आहे. उदाहरण रचणाऱ्यानें जी वाट आंखून ठेविली होती, ती एका अंकानें मोडली. आकाशांतील ग्रह तर कोणाच्या सोयीसाठीं अंक निवडीत नाहींत. म्हणून ज्योतिष्यास रीतीचीच गरज पडते.

इटलींत कार्दानो यानें १५४५ सालीं घनसमीकरणाचें सूत्र छापून प्रसिद्ध केलें. त्याच ग्रंथांत वर्गवर्गाचेंहि सूत्र आहे. पांचव्या घाताच्या समीकरणास मात्र वर्गमूळ, घनमूळ इत्यादि मूळांनीं बनलेलें सर्वसाधारण सूत्र असूं शकत नाहीं, हें नॉर्वेच्या आबेलनें १८२४ मध्यें सिद्ध केलें. तेव्हां सूत्राचा मार्ग चार पावलांवर संपतो. आजकाल संगणकावर अक्षरगणित करून देणाऱ्या प्रणाली झाल्या आहेत आणि त्या हाताशीं नसल्या तर समीकरण कसें सोडवावें, असें तरुण मंडळी विचारतात. सूत्र जेथें नाहीं तेथें त्या प्रणालीहि शेवटीं अंकांचीच पुनःपुन्हा आवृत्ति करितात. आणि ती आवृत्ति पाटी-पेन्सिलीनेंहि होते. आमच्या ज्योतिषांत तिला नांव आहे.

तें नांव असकृत्कर्म. सकृत् म्हणजे एकवार. जें एकवार करून भागत नाहीं तें असकृत्. एखाद्या राशीचें स्थूल मान घ्यावें, त्यावरून गणित करून नवें मान आणावें, तें पहिल्याच्या जागीं ठेवून पुन्हा तेंच गणित करावें, आणि दोन लागोपाठच्या मानांत भेद उरला नाहीं म्हणजे थांबावें. भेद न उरणें यास अविशेष म्हणतात, म्हणून या कर्मासच कित्येक ग्रंथकार अविशेषकर्म म्हणतात. ग्रहणाच्या गणितांत तें पदोपदीं येतें, कारण स्थितीचा काळ काढावयास शर हवा असतो व शर काढावयास काळ हवा असतो. असें एकमेकांवर अवलंबून असणें हा तर्कशास्त्रांत अन्योन्याश्रय नांवाचा दोष होय. गणितज्ञानें त्याच दोषास कामास लाविलें.

आतां प्रत्यक्ष घनसमीकरणाकडे येऊं. तें आमच्या ज्योतिषांत ज्यांच्या कोष्टकांतून आलें. सिद्धान्तशिरोमणींत (शके १०७२, इ. स. ११५०) ज्योत्पत्ति म्हणून जें प्रकरण आहे, त्यांत १८ अंशांची व ३६ अंशांची ज्या वर्गमूळांनीं काढण्याची रीति दिली आहे, आणि दोन चापांच्या ज्यांवरून त्यांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या काढण्याचे नियमहि दिले आहेत. १५ अंशांची ज्या ३० अंशांच्या अर्ध्यानें मिळते. अठरांतून पंधरा गेले कीं तीन अंश. येथवर केवळ वर्गमूळें पुरतात. तीन अंशांची ज्या, त्रिज्या १ मानली असतां, ०·०५२३३५९५६२ येते.

तीन अंशांवरून एक अंशावर यावयाचें तर चापाचे तीन समान भाग करावे लागतात, आणि येथें वर्गमूळांची शिडी संपते. आचार्यांनीं एकेका अंशाच्या अंतरानें ज्या काढण्याची जी रीति दिली, तींत एका अंशाच्या ज्येबद्दल १० भागिले ५७३ हा अपूर्णांक वापरला आहे. तो कोठून आला हें सहज कळतें. त्रिज्या ३४३८ कला धरली तर या अपूर्णांकानें बरोबर ६० कला येतात, म्हणजे एका अंशाचा चाप व त्याची ज्या हीं एकच मानलीं आहेत. दशांशांत हें मान ०·०१७४५२००७ होतें. खरें मान ०·०१७४५२४०६ आहे. सहा स्थळांपर्यंत बरोबर, आणि पंचांगाच्या कामास भरपूर. पण तें घेतलेलें आहे, काढलेलें नव्हे.

तें काढण्याची रीति ज्यानें ग्रथित केली तो कमलाकर मूळचा आपल्याकडचा. त्याचें घराणें गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्रामचें. पणजोबा दिवाकर हे नांदगांवच्या गणेश दैवज्ञांचे शिष्य. आजोबा कृष्ण, वडील नृसिंह. पुढें घराणें काशीस गेलें व तेथेंच कमलाकरानें शके १५८० मध्यें, म्हणजे १६५८ सालीं, सिद्धान्ततत्त्वविवेक हा ग्रंथ पुरा केला. या घराण्याची हकीकत शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं आपल्या १८९६ सालच्या मराठी ग्रंथांत दिली आहे. सुधाकर द्विवेदींनीं मूळ ग्रंथ काशीस छापविला. गणेश दैवज्ञांनीं १५२० च्या ग्रहलाघवांत ज्या-चापांचा उपयोग अजिबात टाळून दाखविला, आणि त्यांच्याच शिष्याचा पणतू ज्यांच्या सूक्ष्मतेंत एवढा खोल शिरला, ही मौजेची गोष्ट होय. कमलाकराचा स्वभाव मोठा वादप्रिय होता. भास्कराचार्यांवरहि तो ठिकठिकाणीं तुटून पडतो. पण त्याच्या कटु भाषेमुळें त्याच्या गणिताकडे दुर्लक्ष करणें योग्य नाहीं.

कमलाकरानें दुप्पट, तिप्पट, चौपट व पांचपट चापांच्या ज्या मूळ ज्येवरून काढण्याचे नियम दिले आहेत. तिपटीचा नियम असा: त्रिज्या १ असतां, चापाच्या ज्येची तिप्पट करून तींतून त्या ज्येच्या घनाची चौपट वजा केली म्हणजे तिप्पट चापाची ज्या होते. एका अंशाच्या ज्येस ‘या’ म्हटलें तर

३ या − ४ याघ = ०·०५२३३५९५६२

हें शुद्ध घनसमीकरण झालें. आतां असकृत्कर्म. घनाचा भाग पलीकडे नेऊन तीहींनीं भागावें:

या = (०·०५२३३५९५६२ + ४ याघ) ÷ ३

उजवीकडेहि या आहे, म्हणून प्रथम त्याचा घन इतका अल्प आहे कीं तो नाहींच असें समजावें. मग या = ०·०१७४४५३१८७. हें मान उजवीकडे घातलें असतां ०·०१७४५२३९७८ येतें. तें पुन्हा घातलें असतां ०·०१७४५२४०६४ येतें. आणखी एकदां घातलें तरी या दहा स्थळांत फरक पडत नाहीं; अविशेष झाला. तीन ओळींच्या गणितांत जें मान आलें, तें ३४३८ च्या मानानें कधींच आलें नसतें. प्रत्येक आवृत्तींत सुमारें तीन स्थळें नवीं शुद्ध होतात, कारण चूक दर खेपेस आठशें-सव्वाआठशें पटींनीं घटते. वाचकांनीं हें गणित कागदावर एकदां करून पाहावें. वाचून तें पटत नाहीं.

ही रीति कमलाकराच्याच डोक्यांतून निघाली काय? आमचें मत नकारार्थी आहे. समरकंद येथें उलूघ बेगाच्या वेधशाळेंत गियासुद्दीन जमशीद अल्-काशी नांवाचा गणिती होता. (हा काशी आपल्या वाराणशीचा नव्हे, इराणांतील काशान शहराचा.) तो १४२९ मध्यें वारला. त्यानें याच घनसमीकरणावरून, अशाच आवृत्तीनें, एका अंशाची ज्या दशांशाच्या सोळा स्थळांपर्यंत शुद्ध काढली होती. उलूघ बेगाचीं कोष्टकें हिंदुस्थानांत आलीं. शहाजहानच्या काळीं दिल्लीस नित्यानंदानें १६३९ सालीं सर्वसिद्धान्तराज लिहिला, त्यांतहि एका अंशाची ज्या आवृत्तीनें काढण्याच्या रीति आहेत. कमलाकराचा ग्रंथ त्यानंतर एकोणीस वर्षांचा, आणि उलूघ बेगाच्या मतांचा संस्कार त्यावर जागोजाग दिसतो. तेव्हां समरकंदाहून दिल्ली व दिल्लीहून काशी असा या विद्येचा प्रवास झाला असें मानणेंच सरळ आहे. असकृत्कर्म हें मात्र कमलाकरास परकें वाटण्याचें कारण नव्हतें; तें त्याच्या परंपरेंत शेंकडों वर्षें मुरलेलें होतें. केरळांत पंधराव्या शतकांत परमेश्वरानें, आलेल्या दोन मानांच्या अंतरांवरून तिसरें मान साधण्याची अधिक त्वरित रीति आपल्या टीकेंत दिली आहे. बी बाहेरचें असलें तरी जमीन तयार होती. घेतलेल्या वस्तूस घेतलेली म्हणण्यानें घेणाऱ्याचा मान कमी होतो असें आम्हांस वाटत नाहीं. आणि केवळ बाहेरून आली म्हणून तिला आपल्या इतिहासांतून वगळणें हेंहि तितकेंच अनुचित.

कोणी म्हणेल, १६५८ सालीं कार्दानोचें सूत्र छापून शंभरावर वर्षें झालीं होतीं. तें येथें ठाऊक असतें तर एवढा खटाटोप कशास? याचें उत्तर मनोरंजक आहे. वरील घनसमीकरणास तीन मूळें आहेत व तीनहि वास्तव आहेत: एक अंशाची ज्या, ५९ अंशांची ज्या, आणि ६१ अंशांची ज्या ऋण करून. तीनहि मूळें वास्तव व भिन्न असतात तेव्हां कार्दानोच्या सूत्रांत नेमकें ऋण संख्येचें वर्गमूळ उत्पन्न होतें आणि त्या काल्पनिक संख्येचें पुन्हा घनमूळ काढावें लागतें. तें घनमूळ काढावयास काय हवें? एका चापाचे तीन समान भाग. जकात चुकविण्यासाठीं रात्रभर आडरानांतून हिंडावें आणि उजाडतां उजाडतां जकातनाक्याच्याच दारांत उभें राहावें, यास आमच्या शास्त्रांत घट्टकुटीप्रभातन्याय म्हणतात. येथें सूत्राची गति अक्षरशः तीच होते. असकृत्कर्म हें सूत्र न सांपडल्यामुळें पत्करलेलें गौण साधन आहे, हा समज त्यामुळें सोडावा लागतो.

राहिलेलीं दोन मूळें मात्र वरच्या आवृत्तीनें मिळत नाहींत. ५९ अंशांच्या ज्येच्या अगदीं जवळून आरंभ केला तरी मान तिजपासून दूर सरकतें. पण एक मूळ हातीं आल्यावर दुसऱ्यांसाठीं आवृत्तीची गरजच नाहीं. समीकरणास त्या मूळाच्या खंडानें भागिलें कीं वर्गसमीकरण उरतें, व तें मध्यमाहरणानें सुटतें. तीनांतून मूळाच्या वर्गाची तिप्पट वजा करून वर्गमूळ घ्यावें. तें १·७३१७८७० येतें. त्यांतून मूळ वजा करून अर्धें केलें म्हणजे ०·८५७१६७३, ही ५९ अंशांची ज्या. मूळ मिळवून अर्धें केलें व ऋण घेतलें म्हणजे −०·८७४६१९७, हें तिसरें.

यावरून असकृत्कर्म वाटेल तसें मांडून चालत नाहीं हेंहि दिसतें, आणि याविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कारण रीतीचा लौकिक ऐकून ती आंधळेपणानें वापरणारा हमखास फसतो. भास्कराचार्यांचें पहिलेंच उदाहरण घ्या. त्याचें मूळ ५ आहे हें आपणांस माहीत आहे. तें असें मांडलें:

या = (३५ + ६ याव − याघ) ÷ १२

आणि ५·१ पासून आरंभ केला, तर अनुक्रमें ४·८६७, ५·१५३, ४·७९१ अशीं मानें येतात. मान पांचाच्या इकडे-तिकडे झोके घेतें व प्रत्येक झोका आधींच्याहून मोठा. कारण असें कीं, या मांडणींत पांचाजवळ घातलेल्या चुकीची उजवीकडे सव्वापट होते. चूक एकाहून कमी पट होऊन बाहेर पडावी तरच आवृत्तीचा उपयोग. ज्येच्या समीकरणांत ती सहस्रांशाच्या आसपास होती, म्हणून तेथें काम झपाट्यानें झालें. तेंच समीकरण घनमूळ घेऊन मांडलें, म्हणजे या = घनमूळ (६ याव − १२ या + ३५), तर चूक शेंकडा चौसष्ट उरते; उत्तर येतें, पण रडतखडत.

न्यूटननें १६६९ च्या सुमारास याहून उत्तम उपाय योजिला. वॉलिसनें तो १६८५ सालीं छापला, व १६९० मध्यें रॅफ्सननें त्यास सुटसुटीत रूप दिलें. त्याचें सार असें कीं, स्थूल मान समीकरणांत घालून किती शेष राहतो तें पाहावें, व अव्यक्त वाढलें असतां तो शेष ज्या गतीनें वाढतो त्या गतीनें शेषास भागून लब्धि स्थूल मानांतून वजा करावी. ही गति त्या क्षणाची असावी लागते. तात्कालिक गति हा शब्द भास्कराचार्यांनीं ग्रहांविषयीं वापरला आहे, तो येथें नेमका लागू पडतो, मात्र त्यावरून आचार्यांस ही रीति माहीत होती असें कोणीं काढूं नये. आचार्यांच्या उदाहरणांत ६ पासून निघालें तर ५·२२९२, ५·०१५९, ५·०००१ अशीं मानें येतात. शुद्ध स्थळांची संख्या प्रत्येक खेपेस जवळजवळ दुप्पट होते.

आतां युक्तीनें न सुटलेलें काघ + का = २५ पाहूं. का ३ धरला तर २७ आणि ३ मिळून ३०, शेष ५. गति म्हणजे काव ची तिप्पट अधिक एक, ती २८. पांचास अठ्ठाविसांनीं भागून वजा केलें कीं २·८२१४. पुन्हा केलें कीं २·८१०१, व तिसऱ्या खेपेस २·८१००७९. हें खरें कशावरून? ताळा करावा. २·८१०० घातला तर २४·९९८ येतात, २५ हून किंचित् कमी. २·८१०१ घातला तर २५·०००५, किंचित् अधिक. मूळ या दोन कुंपणांच्या आंत कोंडलें गेलें. आपला मूळचा या त्याहून दोहोंनीं अधिक, म्हणजे ४·८१००८. कोणत्याहि रीतीनें उत्तर काढलें तरी अखेर अशीं दोन्ही बाजूंचीं कुंपणें घातल्यावांचून तें स्वीकारूं नये. संगणकानें दिलेल्या उत्तरासहि आम्ही हाच नियम लावूं.

कमलाकराकडे पुन्हा वळून एक गोष्ट सांगावयाची राहिली. चापाच्या तृतीयांशाप्रमाणेंच पंचमांशाची ज्या आवृत्तीनें काढण्याची रीतिहि त्यानें दिली आहे. पांचपट चापाची ज्या म्हणजे मूळ ज्येची पांचपट, उणें घनाची वीसपट, अधिक पंचघाताची सोळापट. म्हणजे येथें समीकरण पांचव्या घाताचें आहे. तें आबेलच्या निषेधांत सांपडणारें नव्हे, त्याची जाति निराळी व सुलभ आहे, हें सांगून टाकणें बरें, नाहींतर कोणी उत्साही लेखक कमलाकरानें आबेलवर मात केली असें लिहावयाचा. पण १६५८ सालीं, आबेलच्या आधीं १६६ वर्षें, काशींत बसून एक मराठी वंशाचा ज्योतिषी पंचघात समीकरणाचें मूळ अंकांनीं काढण्याची रीति सांगत होता, एवढें निर्विवाद आहे.

त्या रीतीची परीक्षा आपणांस सहज करितां येते. पंधरा अंशांची ज्या ०·२५८८१९०५ आहे. तिच्या पंचमांश चापाची, म्हणजे तीन अंशांची, ज्या हवी. पांचानें भागून आरंभ ०·०५१७६४. त्याच्या घनाची वीसपट मिळवून, पंचघाताची सोळापट वजा करून, पांचांनीं भागिलें कीं ०·०५२३१७; पुन्हा ०·०५२३३५; पुन्हा ०·०५२३३६. अठरा अंशांतून पंधरा वजा करून, केवळ वर्गमूळांनीं, भास्कराचार्यांच्या नियमानें तीन अंशांची जी ज्या आली होती, तीहि सहा स्थळांपर्यंत ०·०५२३३६ अशीच आहे.